टेकडी पाणी कुठून मुरवते?

पुण्यात टेकडीवरच्या बांधकामाचा विषय निघाला की एक वाक्य हमखास ऐकू येतं: "नुसता खडक आहे तो. तिथे घरं झाली तर बिघडलं कुठे?" महापालिकेत समाविष्ट झालेल्या 23 गावांमधली 978 हेक्टर टेकडी विकास आराखड्यात जैवविविधता उद्यानासाठी, म्हणजे 'बीडीपी'साठी, राखून ठेवली आहे. तिच्यावरचा वाद झाडं, पक्षी आणि जागामालकांचा मोबदला यांच्याभोवतीच फिरतो. माझ्या मते टेकडीची सगळ्यात मोठी कमाई पाण्याची आहे, आणि ती होते त्या 'नुसत्या खडका'मुळेच.

हा खडक बेसॉल्ट. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थर एकावर एक पसरत गेले. लाव्हा थिजताना त्यातले वायू वर चढतात, त्यामुळे थराचा माथा सच्छिद्र राहतो. पण नुसती भोकं असून भागत नाही. ती बऱ्याचदा एकमेकांना जोडलेली नसतात, कित्येक तर जिओलाइटसारख्या खनिजांनी बुजलेली असतात. पाण्याला वाट मिळते ती हा माथा झिजून त्याचा मुरूम झाल्यावर आणि त्यात आडव्या भेगा पडल्यावर. थराचं पोट घट्ट, काळं. तिथून पाणी उतरतं ते फक्त उभ्या सांध्यांमधून. दोन थरांमध्ये कुठे कुठे तांबड्या मातीचा पट्टा असतो, तो पाणी बरंचसं अडवतो. मग अडलेलं पाणी आडवं वळतं आणि थराच्या कलाने सरकू लागतं. थर जिथे उतारावर उघडा पडतो तिथे झरा फुटतो. नाहीतर तेच पाणी पायथ्याच्या विहिरींना आणि बोअरला मिळतं.

हिशोब सोपा आहे. 1 हेक्टरवर 1 मिलिमीटर पाऊस म्हणजे 10,000 लिटर पाणी. वर्षाला 700 मिलिमीटर पाऊस धरा आणि त्यातला दहावा हिस्साच मुरतो असं माना, तरी हेक्टरी 7 लाख लिटर होतात. 978 हेक्टरांचे झाले 68 कोटी लिटर, म्हणजे 10,000 लिटरचे 68,000 टँकर.

आणि आपण काय करतो? पायथ्याच्या सोसायटीत बोअर घ्यायचं ठरलं की तळहातावर नारळ ठेवून फिरणाऱ्या पाणाड्याला बोलावतो. नारळ उभा राहतो तो हाताच्या नकळत झालेल्या हालचालीने. जमिनीखालच्या पाण्याचा त्याच्याशी काडीचाही संबंध नाही. बोअरला पाणी लागतं ते भेग सापडली तर, आणि टिकतं ते त्या भेगेत वरून पाणी उतरत राहिलं तर.

"तेवढीच हिरवळ आम्ही प्रकल्पात देतो," हा युक्तिवादही तपासून पाहावा. पोडियमवरच्या बागेत फूट-दोन फूट माती, तिच्याखाली वॉटरप्रूफिंग, मग स्लॅब, मग पार्किंग. पाऊस पाइपातून सरळ गटारात. दुमजली तळघरासाठी खणलेल्या खड्ड्यात तर भेगांमधलं पाणी आपणहून येतं, आणि पावसाळाभर पंप लावून ते रस्त्याकडेला सोडलं जातं. भरपाई म्हणून घेतलेला शोषखड्डा घट्ट काळ्या खडकात असेल, तर तो एकदा भरला की तसाच तुंबून राहतो.

त्यामुळे किती हेक्टर मोकळे ठेवले एवढ्याने भागत नाही, कुठले ठेवले हेही तितकंच बघावं लागतं. मुरूम असलेला माथा आणि भेगाळलेला उतार कुठे आहे, हे भूवैज्ञानिकाला विहिरी, झरे आणि रस्त्यासाठी कापलेल्या दरडी पाहून नकाशावर दाखवता येतं. हा नकाशा आरक्षणाची रेघ सरकवण्याआधी टेबलावर हवा.