'डोन्ट चेंज युअर हजबंड' आणि 'व्हाय चेंज युअर वाइफ?' मधली गल्लत

हे दोन मूकपट लोक कायम एकमेकांत मिसळतात आणि त्यात काही नवल नाही, नावंच बघा ना, पहिला १९१९ चा, दुसरा १९२० चा, दिग्दर्शक दोन्हीकडे सेसिल डिमिल (हो, पुढे 'टेन कमांडमेंट्स' काढणारा तोच), हिरोईन दोन्हीकडे ग्लोरिया स्वान्सन, आणि गोष्टही तीच वाटते, घटस्फोट, दुसरं लग्न, शेवटी पहिल्याच जोडीदाराकडे परत.

पण वैताग कोणाला आलाय ते बघा. 'हजबंड'मध्ये तो बायकोला आलाय. नवरा, म्हणजे एलियट डेक्स्टर, गोंदाच्या धंद्यात भरपूर कमावलेला पण घरात गबाळा, पातीचा कांदा खाऊन तसाच जवळ येणारा. मग गोड बोलणारा ल्यू कोडी भेटतो, ती त्याच्याशी लग्न करते आणि तो निघतो बाहेरख्याली नि जुगारी. इकडे पहिला नवरा मिशी काढतो, व्यायाम करतो, टापटीप राहायला लागतो. म्हणजे इथे बदलतो तो पुरुष.

'वाइफ'मध्ये सगळं उलटं. इथला नवरा थॉमस मेगन, आणि चष्मा लावून त्याला सारखं सुधारायला बघणारी बायको म्हणजे तीच ग्लोरिया. त्याला फॉक्सट्रॉटची, म्हणजे नाचाच्या संगीताची, रेकॉर्ड ऐकायची असते, हिला शास्त्रीयच हवं. तो तिच्यासाठी झुळझुळीत नाइटड्रेस घ्यायला दुकानात जातो आणि तिथे कपडे घालून दाखवणारी मॉडेल बीबी डॅनियल्स त्याला गटवते. घटस्फोटानंतर ग्लोरिया एका कपड्याच्या दुकानात स्वतःबद्दलची कुजबुज ऐकते आणि चिडून एकदम भडक, उघडे कपडे शिवायला टाकते, तो सीन मला दोन्ही सिनेमांत मिळून सगळ्यात जास्त आवडतो कारण अपमान गिळून ती ज्या ताठ मानेने उभी राहते ना, त्याला संवादाची गरजच नाही.

पुढे नवरा केळ्याच्या सालीवरून घसरतो, ग्लोरिया त्याची शुश्रूषा करते, तिची आणि बीबीची जुंपते, गोष्ट अ‍ॅसिडच्या धमकीपर्यंत जाते, आणि ज्या अ‍ॅसिडची एवढी धास्ती ते निघतं डोळे धुवायचं औषध.

मला मात्र 'हजबंड' जास्त खरा वाटतो. तिथे नवऱ्याला स्वतःच्या सवयी सोडाव्या लागतात, 'वाइफ'मध्ये बदलायचं सगळं ओझं बायकोवर टाकलंय, आणि ते मला आजही खटकतं.