ऑफिससाठी व्हॅक्युम क्लीनर घेताना: मागून काय बाहेर पडतं?

व्हॅक्युम क्लीनर धूळ ओढतो ते सगळ्यांना दिसतं. पण सेकंदाला 30 लिटर हवा आत घेणारं यंत्र तेवढीच हवा मागच्या जाळीतून पुन्हा खोलीत सोडत असतं, तिकडे सहसा कुणाचं लक्ष जात नाही. दिवसभर माणसं बसतात अशा जागेसाठी यंत्र निवडायचं असेल, तर माझ्या मते पाहणी या मागच्या बाजूपासूनच सुरू करावी.

कारण धुळीचा कण किती बारीक आहे यावर तो हवेत किती वेळ राहणार हे ठरतं. 10 मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) कण स्थिर हवेत दीड मीटर उंचीवरून आठ-नऊ मिनिटांत जमिनीवर येतो. 1 मायक्रॉनच्या कणाला तेवढंच अंतर उतरायला जवळपास 12 तास लागतात. म्हणजे संध्याकाळच्या सफाईत फिल्टरमधून निसटलेली बारीक धूळ सकाळी लोक कामावर येतात तेव्हाही हवेत तरंगत असू शकते. फुप्फुसांत खोलवर जातात ते नेमके हेच कण. फरशी चकचकीत दिसते, हवा मात्र बिघडलेली असते.

ब्रिटिश अभियंते ह्यूबर्ट सेसिल बूथ यांनी 1901 च्या सुमारास तयार केलेल्या यंत्रात हा प्रश्नच नव्हता. ते घोडागाडीवर बसवलेलं असे, इमारतीबाहेर उभं राही आणि त्याच्या लांब नळ्या खिडक्यांतून आत जात. पुढे अमेरिकेत ओहायोमधल्या एका दुकानात सफाईचं काम करणारे जेम्स मरे स्पँगलर यांना दम्यामुळे उडणारी धूळ सोसेना. त्यांनी विजेच्या पंख्याची मोटर, झाडूचा दांडा आणि उशीचा अभ्रा जोडून हातात धरता येईल असं यंत्र बनवलं. 1908 मध्ये त्याचं पेटंट मिळालं. यंत्र आत आलं, तशी त्यातून बाहेर पडणारी हवाही आत आली, आणि कापडाच्या विणीतून अगदी बारीक कण सुटतातच.

आज हे बारीक कण अडवण्याचं काम हेपा नावाचा दाट धाग्यांचा फिल्टर करतो. 0.3 मायक्रॉनच्या कणांपैकी किमान 99.97 टक्के कण अडवणं ही त्याची प्रचलित अमेरिकी कसोटी. हाच आकार का? मोठा कण हवेबरोबर वळू शकत नाही आणि धाग्यावर आदळतो. खूप लहान कण हवेच्या रेणूंचे धक्के खात वेडावाकडा भटकतो आणि धाग्याला चिकटतो. या दोन्हींच्या मधला कण अडवायला सगळ्यांत अवघड. त्यामुळे 0.3 च्या आसपास टिकणारा फिल्टर त्याहून लहान कणही उत्तम अडवतो.

पण फिल्टर उत्तम आणि त्याभोवतीची रबरी पट्टी सैल असेल, तर हवा सोपी वाट धरते. वापरातल्या यंत्राचा फिल्टर काढून त्याची बैठक नीट पाहा. पट्टीच्या पलीकडे, स्वच्छ बाजूला राखाडी रेघ दिसली, तर धूळ कडेने निसटते आहे. खरेदी करताना नुसत्या फिल्टरची नव्हे, पूर्ण यंत्राची गळती तपासली आहे का, हे विचारा.

वॉटच्या आकड्यावर फार जाऊ नका. तो मोटर किती वीज खाते एवढंच सांगतो. धूळ उचलण्यासाठी ओढ आणि हवेचा प्रवाह दोन्ही लागतात. नळीचं तोंड हाताने बंद केलं की ओढ सर्वाधिक असते, पण प्रवाह शून्य, म्हणजे सफाईही शून्य. युरोपीय संघाने 2017 पासून घरगुती यंत्रांना 900 वॉटची आणि 80 डेसिबलची मर्यादा घातली, तरी तिथली सफाई थांबलेली नाही. कामाच्या वेळेत सफाई होत असेल, तर आवाज आणखी कमी हवा. 10 डेसिबल कमी झाले की कानाला आवाज साधारण निम्मा वाटतो.

कार्यशाळेची गोष्ट वेगळी. औद्योगिक यंत्रांना धुळीच्या धोक्यानुसार एल, एम आणि एच असे वर्ग असतात. एलमधून जास्तीत जास्त 1 टक्का धूळ निसटलेली चालते, एममधून 0.1 टक्का, एचमधून 0.005 टक्के. ॲस्बेस्टॉससाठी एचच लागतो. पीठ, लाकडाचा भुसा, ॲल्युमिनियमची पूड हवेत मिसळली की ठिणगीने स्फोट होऊ शकतो, आणि साध्या मोटरमध्ये कार्बन ब्रशपाशी (फिरत्या भागाला घासून वीज पोचवणाऱ्या तुकड्यांपाशी) ठिणग्या उडतच असतात. तिथे स्फोटरोधक म्हणून प्रमाणित केलेलंच यंत्र वापरावं. पाणी ओढायचं असेल तर मोटर थंड करणारी हवा वेगळ्या वाटेने जाते असं यंत्र घ्यावं.

पिशवीचं की बिनपिशवीचं? मी पिशवीचंच सुचवेन. बिनपिशवीचा डबा केराच्या टोपलीत उलटताना ढग उठतो आणि तो थेट सफाई कर्मचाऱ्याच्या नाकातोंडात जातो. तोंड बंद होणारी पिशवी तशीच उचलून टाकता येते. पिशव्यांचा खर्च चालूच राहतो, तो हिशेबात धरा. आणि यंत्र ठरवण्यापूर्वी रोज ते ओढणार आहेत त्यांच्या हातात एकदा देऊन वजन, दांड्याची उंची आणि वायरची लांबी त्यांनाच तपासू द्या.