आयरिश–भारतीय संगीतमेळ

आयर्लंडचे पारंपरिक संगीत आणि भारतीय रागसंगीत किंवा लोकतालवाद्ये यांचा एकाच मंचावर केलेला मेळ. आयरिश बाजूने यात रील, जिग या नृत्यधुना आणि ‘शॉन-नोस’ (शब्दशः ‘जुनी रीत’) हे साथीविना गायले जाणारे गीतप्रकार येतात.

या मेळाचे मूळ प्राचीन नात्यात शोधण्याचा मोह जुना आहे. आयरिश भाषाभ्यासक माइल्स डिलन यांच्या ‘केल्ट्स अँड आर्यन्स’ (सिमला, १९७५) या ग्रंथात केल्टिक (आयरिश ज्या जुन्या युरोपीय भाषाकुळात येते त्या) व भारतीय समाजांतील इंडो-युरोपीय, म्हणजे समान भाषिक पूर्वजांच्या, अवशेषांची तुलना आहे. ऋणकोच्या दारात उपाशी बसण्याची आयरिश चाल आणि आपले धरणे यांचे साम्य अभ्यासकांना नेहमीच खुणावत आले. भाषाशास्त्रज्ञ कॅल्व्हर्ट वॉटकिन्स यांनी १९६३ मध्ये जुन्या आयरिश पद्याचा संबंध इंडो-युरोपीय छंदांशी जोडला. मात्र हा पुरावा कायद्याचा आणि छंदाचा आहे, स्वरांचा नव्हे. अलीकडे, २०१६ च्या सुमारास, पुरातत्त्वज्ञ बिली ओ फोलू यांनी आयर्लंडमधील प्राचीन कांस्यशिंगांचे नाते केरळच्या कोंबू या वक्राकार शिंगाशी लावले. हे मत विचारार्ह खरे. पण वक्राकार शिंग महाराष्ट्रातही फुंकले जाते, आणि केवळ आकारावरून वंश ठरवणे धाडसाचे होईल. दोन्ही संगीते मुख्यतः एका वेळी एकच सुरावट चालवणारी, आधारस्वरावर उभी आणि अलंकरणप्रधान आहेत. साम्याचा उलगडा यातूनच अधिक समाधानकारक होतो.

खरी अडचण आधारस्वराचीच आहे. कोपराने भाता दाबून वाजवायच्या इलन पाइप्स या आयरिश वाद्यात तीन सप्तकांत एकच स्वर, बहुधा ‘डी’ (पाश्चात्त्य स्वरनाव; ‘ई’ त्याच्या वरचा), सतत घुमत असतो. तरीही कित्येक धुना ‘ई’वर विसावतात. ‘ई’ला षड्ज मानले तर गंधार-निषाद कोमल येतात, म्हणजे भातखंडे यांच्या पद्धतीतला काफी थाट. घुमणारा ‘डी’ षड्ज धरला तर तेच सात स्वर बिलावलचे होतात आणि धून ऋषभावर न्यास करते, म्हणजे तिथे येऊन विसावते. मूर्च्छना (त्याच स्वरांत षड्ज बदलून नवी स्वररचना मिळवणे) जाणणाऱ्या वाचकाला हे लगेच उमगेल. आयरिश वादकाला यात काहीच खटकत नाही. तानपुऱ्यात वाढलेल्या कानाला मात्र घर बदलल्यासारखे वाटते. म्हणून तंबोरा कशाला लावायचा, हे मैफलीआधी ठरवावेच लागते.

तालाचे जमणे त्या मानाने सोपे. जिगचे सहा ठोके दादऱ्यात चपखल बसतात, रीलचे आठ केरव्यात. स्लिप जिग या जिगच्या प्रकाराचे नऊ ठोके तीन-तीनचे असल्याने तबलजीला थोडे सावध राहावे लागते. धुनेचा आठ मापांचा प्रत्येक भाग सहसा दोनदा वाजतो. तिहाई (तीनदा वाजवून समेवर येणारा तुकडा) घ्यायची तर ती भाग संपतो त्या वळणावर, कारण धून मध्येच थांबत नाही.

या क्षेत्रातला एक जुना दुवा मार्गारेट कझिन्स यांचा. संगीताची पदवी घेतलेल्या या आयरिश स्त्रीने १९१९ मध्ये मदनपल्ली येथे ‘जन गण मन’ची स्वरलिपी तयार केली. तो मैफलीचा प्रयोग नव्हता. पण आयरिश कानाने भारतीय चाल टिपण्याचे ते महत्त्वाचे उदाहरण आहे.

लंडनच्या गायिका शीला चंद्रा यांनी १९९२ च्या ध्वनिमुद्रणात एका आयरिश विरहगीताला भारतीय गायनाच्या शेजारी बसवले, साथीला जवळजवळ केवळ आधारस्वर ठेवून. या मेळातले हे सर्वांत संयमी आणि म्हणूनच सर्वांत सुंदर काम म्हणावे लागेल. संगीतकार सायमन एमर्सन यांनी १९९५ मध्ये उभ्या केलेल्या आफ्रो केल्ट साउंड सिस्टिम या वृंदात इअर्ला ओ लिनर्ड यांचे शॉन-नोस गायन होते. पुढे जॉनी काल्सी यांचा ढोलही आला. व्हँकुव्हरचा ‘डेल्ही टू डब्लिन’ हा वृंद २००६ मध्ये तिथल्या केल्टिक महोत्सवासाठी जमला. तबला, ढोल, फिडल (व्हायोलिन) व इलेक्ट्रिक सतार ही त्याची सामग्री. मॅथ्यू नून यांनी कोलकात्यात सरोद शिकून लिमरिक विद्यापीठात या विषयावर संशोधन केले आणि टॉमी हेझ यांच्या तालवाद्यांसोबत ते आयरिश धुना सरोदवर वाजवतात. सरोदच्या पोलादी पट्टीवर पडदे नसल्याने धुनेत मींड सहज येते. पण फिडलचा द्रुत ‘रोल’ (एका स्वराभोवती शेजारचे स्वर झटकन घेणारा अलंकार) तारेवर नखाने काढणे मोठ्या रियाजाचे काम आहे.