व्हेप कमी घातक, पण कुणाच्या मानाने?

मुंबईतल्या बहुतेक पानटपऱ्यांवर दोरीला बांधलेला लायटर लोंबत असतो. सुट्टी सिगारेट विकायला महाराष्ट्रात सप्टेंबर २०२० पासून बंदी आहे. तरीही लायटर जागचा हललेला नाही, आणि तो कुणासाठी ठेवलाय हे गिऱ्हाइकाला आणि हवालदारालाही ठाऊक आहे. त्याच टपरीवर ई-सिगारेट, म्हणजेच व्हेप, विकताना कुणी सापडला, तर पहिल्याच गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. म्हणजे जी वस्तू पेटवून ओढतात ती कायदेशीर आणि जी पेटवावी लागत नाही ती बेकायदा. ई-सिगारेटचे समर्थक नेमके यावरच बोट ठेवतात. त्यांचा मुद्दा हसण्यावारी नेण्यासारखा नाही.

सिगारेटचा झुरका घेताना तिचे टोक सुमारे ९०० अंश सेल्सिअसपर्यंत तापते. तंबाखू जळते आणि त्यातून डांबर, कार्बन मोनॉक्साइड आणि हजारो इतर रसायने छातीत जातात. कर्करोग, हृदयविकार आणि दमेकऱ्याची अखेरची वर्षे हा मुख्यतः या जळण्याचा हिशेब आहे. निकोटिनचे काम वेगळे: ते माणसाला पुन्हा टपरीवर आणते. झुरका घेतल्यावर दहा-वीस सेकंदांत ते मेंदूत पोचते, तिथे डोपामिन स्रवते आणि काही वेळाने तलफ येते.

निकोटिन ठेवायचे आणि आग काढून टाकायची, असा विचार होन लिक या चिनी औषधतज्ज्ञाने केला आणि २००३ च्या सुमारास आजची ई-सिगारेट आकाराला आली. आत लिथियम बॅटरी, तारेचे एक वेटोळे आणि प्रॉपिलिन ग्लायकॉल व ग्लिसरिन यांच्या मिश्रणात विरघळवलेले निकोटिन. वेटोळे साधारण २०० ते ३०० अंशांपर्यंत तापते, द्रवाचे बारीक थेंब होतात आणि ते ओढले जातात. पोरे घरी सांगतात तशी ती निव्वळ पाण्याची वाफ नसते. नाटकात रंगमंचावर धूर सोडणाऱ्या यंत्रांतही बहुधा याच जातीची रसायने असतात. ग्लिसरिन खोकल्याच्या औषधात चालते, पण ते पोटात जाते. रोज शेकडो वेळा फुप्फुसात जाणे ही वेगळी गोष्ट, आणि तीस वर्षे असे करणारा माणूस अजून जगात झालेला नाही. वेटोळे फार तापले तर फॉर्माल्डिहाइड आणि अॅक्रोलिन तयार होतात. स्वादांचेही तसेच. लोण्याचा स्वाद देणारे डायअॅसिटिल खायला बिनधोक मानले जाते, पण अमेरिकेत पॉपकॉर्नच्या कारखान्यात त्याची वाफ हुंगणाऱ्या कामगारांच्या फुप्फुसातल्या बारीक नळ्या कायमच्या आखडल्या होत्या.

इतके असूनही जळत्या सिगारेटच्या मानाने यातली विषारी रसायने बरीच कमी, हे खरे आहे. किती कमी? २०१५ साली इंग्लंडच्या सरकारी आरोग्य संस्थेने ‘सुमारे ९५ टक्के कमी घातक’ असे सांगितले आणि हा आकडा जगभर फिरला. त्याचे मूळ मात्र प्रयोगशाळेत नव्हते. बारा तज्ज्ञ लंडनमध्ये एकत्र बसले, निरनिराळ्या तंबाखू आणि निकोटिन उत्पादनांना हानीच्या निकषांवर गुण दिले, आणि त्या गुणांतून तो आकडा आला. ठोस पुरावा अपुरा आहे, हे त्यांनीच लिहून ठेवले होते. अंदाज दिशेने बरोबर असू शकतो, पण त्याला मोजमाप समजणे चूक.

त्यापेक्षा २०१९ मधली इंग्लंडमधली चाचणी मला जास्त बोलकी वाटते. सिगारेट सोडू इच्छिणाऱ्या ८८६ जणांपैकी काहींना ई-सिगारेट दिली, बाकीच्यांना निकोटिनचे गम, पट्ट्या वगैरे. वर्षाअखेर ई-सिगारेटवाल्या गटातल्या १८ टक्क्यांनी सिगारेट सोडली होती, दुसऱ्या गटातल्या ९.९ टक्क्यांनी. जवळजवळ दुप्पट! पण सोडणाऱ्यांपैकी पहिल्या गटातले ८० टक्के लोक वर्षानंतरही ई-सिगारेट ओढतच होते. दुसऱ्या गटात गम-पट्ट्यांना चिकटून राहिलेले फक्त ९ टक्के होते. बंदीच्या बाजूचे लोक ८० टक्क्यांचा आकडा सांगतात, विरोधक १८ टक्क्यांचा. दोन्ही एकाच चाचणीतले आहेत.

आता आपल्याकडे येऊ. केंद्र सरकारने १८ सप्टेंबर २०१९ रोजी ई-सिगारेटवर बंदी घालणारा अध्यादेश काढला आणि डिसेंबरात त्याचा कायदा झाला. त्याच सुमारास अमेरिकेत व्हेप ओढणारी तरुण मुले श्वास घेता येईना म्हणून रुग्णालयांत भरती होत होती. फेब्रुवारी २०२० पर्यंत असे २,८०७ रुग्ण आणि ६८ मृत्यू नोंदले गेले. मुख्य संशयित नोव्हेंबर २०१९ मध्ये समोर आला: गांजातल्या नशेच्या द्रव्याचे द्रव घट्ट दिसावेत म्हणून चोरट्या बाजारात मिसळलेले ई जीवनसत्त्वाचे अॅसिटेट. रीतसर विकल्या जाणाऱ्या निकोटिनच्या व्हेपशी त्याचा संबंध फारसा नव्हता. बंदीच्या समर्थनार्थ आजही ही साथ पुढे केली जाते, पण त्यातून निघणारा धडा जरा अडचणीचा आहे. कुठल्या गल्लीत काय मिसळले हे कुणी तपासत नाही, तो माल सर्वांत धोक्याचा. बंदीनंतर मुंबईत चोरून येणारा व्हेप याच जातीचा. त्याच्या खोक्यावर छापलेले निकोटिनचे प्रमाण खरे मानायला काहीच आधार नाही.

तरीही बंदी चुकली, असे मला वाटत नाही. त्याचे कारण द्रवाच्या रसायनात आणि महाराष्ट्राच्या आकडेवारीत आहे.

आधी रसायन. शुद्ध निकोटिन अल्कधर्मी असते, ते घशाला झोंबते. नवखा माणूस पहिल्या झुरक्याला खोकतो, आणि तो खोकला हेच एक संरक्षण असते. २०१५ साली बाजारात आलेल्या जूल या अमेरिकी ई-सिगारेटने निकोटिनमध्ये बेन्झोइक आम्ल घालून त्याचे क्षार केले. ठसका कमी झाला आणि ५ टक्क्यांपर्यंत निकोटिन सहज ओढता येऊ लागले. युरोपीय संघात मर्यादा मिलिलिटरला २० मिलिग्रॅम, म्हणजे साधारण २ टक्के आहे. आंब्याचा स्वाद, पेनड्राइव्हएवढा आकार, कपड्याला वास नाही: चाळीस वर्षे बिडी ओढणाऱ्या माथाडी कामगारासाठी असे यंत्र कुणी बनवत नाही. ते ज्याने अजून काहीच ओढलेले नाही त्याच्यासाठी आहे. त्याच्या बाबतीत तुलना सिगारेटशी करायची नसते, स्वच्छ हवेशी करायची असते. मेंदूची घडण पंचविशीपर्यंत चालू असते, आणि त्या वयात लागलेली निकोटिनची सवय जास्त घट्ट बसते.

आकडेवारी तर अधिकच बोलकी आहे. २०१६-१७ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात महाराष्ट्रातले २६.६ टक्के प्रौढ तंबाखू सेवन करत होते. त्यात ओढणारे फक्त ३.८ टक्के, चघळणारे किंवा मशेरी लावणारे २४.४ टक्के. ब्रिटनचा प्रश्न सिगारेटचा होता, म्हणून त्यांनी सिगारेटला पर्याय शोधला. आपल्याकडे तंबाखू-चुना मळणाऱ्याला किंवा पहाटे तव्यावर मशेरी भाजणाऱ्या आजीला ई-सिगारेटचा उपयोग काय? परळला टाटा रुग्णालयाबाहेरच्या फुटपाथवर गाठोडी घेऊन बसलेल्या कुटुंबांकडे पाहिले की आपला प्रश्न बराचसा तोंडाचा आहे, हे कळते. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे, आणि तो कुठे मिळतो हे शाळकरी पोरही सांगेल.

राहिले बिडीवाले. १९९०च्या दशकात मुंबईच्या मतदार याद्यांवरून सुमारे दीड लाख लोकांची नोंद करून पुढची पाच-सहा वर्षे त्यांचा माग ठेवला गेला. पुरुषांमध्ये तंबाखू न घेणाऱ्यांच्या तुलनेत सिगारेट ओढणाऱ्यांचा मृत्यूचा धोका ३७ टक्क्यांनी जास्त निघाला आणि बिडी ओढणाऱ्यांचा ६४ टक्क्यांनी. पानात गुंडाळलेली ती ‘साधी’ बिडी सिगारेटपेक्षा वाईट निघाली. कमी हानीच्या पर्यायाची खरी गरज कुणाला असेल तर या माणसाला. आणि आयात केलेला व्हेप त्याला परवडणारा नाही. निकोटिनचे गमसुद्धा बिडीच्या कट्ट्यापेक्षा महाग पडते.

२०१९ च्या कायद्यात एक बारीक दरवाजा आहे, त्याची चर्चा होत नाही. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, १९४० खाली परवाना मिळालेले उत्पादन ई-सिगारेटच्या व्याख्येतून वगळलेले आहे. व्यसन सोडवण्याचे साधन म्हणून कुणाला हे यंत्र आणायचेच असेल, तर आंब्याच्या स्वादाशिवाय, ठरलेल्या मात्रेत, चाचण्या देऊन औषध म्हणून आणावे. आणि ती चाचणी इंग्लंडच्या सिगारेटवाल्यांवर पुरेशी धरू नये. ती गोवंडी, धारावीतल्या बिडीवाल्यांवर, एका गटाला फुकट गम देऊन घ्यावी. गमने तेवढेच काम झाले, तर यंत्राची गरजच उरत नाही.