कर्ज एकाचं, फोन सगळ्यांना

सदाशिव पेठेत, नारायण पेठेत स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी कितीतरी मुलं कॉट बेसिसवर राहतात. घरून पैसे यायला उशीर होतो, पण मेस आणि अभ्यासिकेचे पैसे थांबत नाहीत. चाकणला कंत्राटावर काम करणाऱ्याची गत वेगळी नाही. हातात पगाराची स्लिप नसते, जामीनदार मिळत नाही, मग दहा मिनिटांत पाच हजार देणारं ॲप आधार वाटतं. त्यांनी कर्ज घेऊच नये, असं मी म्हणणार नाही. गरज खरी असते. मला बोलायचंय ते पैसे मिळण्याआधी येणाऱ्या एका प्रश्नाबद्दल: ॲप कॉन्टॅक्ट्स पाहायची परवानगी मागतं आणि आपण घाईत ‘अलाऊ’ दाबतो.

ही परवानगी मिळाली की ॲपला सगळी यादी वाचता येते. एका नोंदीचे, नाव आणि नंबर मिळून, साधारण ५० बाइट धरले तर ८०० नोंदींचे ४० किलोबाइट होतात. मोबाईलवर काढलेला एक फोटो याहून कितीतरी मोठा असतो. म्हणजे आपण आधार कार्डाचा फोटो नीट येतोय का बघत असतो, तोवर यादी कंपनीच्या सर्व्हरवर पोहोचलेलीही असू शकते. नंतर सेटिंगमध्ये जाऊन परवानगी काढली, तर ॲपला यापुढे यादी वाचता येत नाही, एवढंच. आधी गेलेली प्रत तिथेच राहते. ॲप डिलीट करूनही तिला धक्का लागत नाही.

बरं, ती यादी म्हणजे नुसते नंबर नसतात. आपण नंबर कसे सेव्ह करतो ते आठवून पाहा: ‘आई’, ‘मामा नगर’, ‘मेस काकू’, ‘रूम मालक’, ‘सुपरवायझर’. कोणाचा फोन आला की आपण घाबरू, कोणासमोर मान खाली जाईल, हे आपणच लिहून ठेवलेलं असतं. हप्ता थकला की बेकायदा ॲपचा वसुलीवाला नेमके हेच नंबर फिरवतो. फोटोत फेरफार करून तो सगळ्यांना पाठवायची धमकी देतो. अशा छळाला कंटाळून देशात अनेकांनी जीव दिला आहे, म्हणून हा विषय मला किरकोळ वाटत नाही.

याहून कमी बोललं जातं ते मामांबद्दल. त्यांनी हे ॲप कधी पाहिलेलंही नसतं. पण भाच्याच्या फोनमधून त्यांचा नंबर गेला, शेजाऱ्याच्या फोनमधून गेला, दुकानातल्या पोराच्या फोनमधूनही गेला. तीन याद्या एकमेकींना जोडल्या की मामा कोणाचे कोण, राहतात कुठे, धंदा काय, हे कळू लागतं. संगणकशास्त्रात अशा जोडणीला आलेख म्हणतात. त्यातल्या एका बिंदूने, म्हणजे एका माणसाने, गप्प राहायचं ठरवलं तरी आजूबाजूचे बिंदू त्याची माहिती देतात. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानुसार संमती मोकळेपणी आणि समजून दिलेली हवी. मामांच्या वतीने भाच्याने बटण दाबणं ही मामांची संमती कशी होईल?

कंपन्या म्हणतात, पत तपासायला डेटा लागतो. लागतो हे खरं. पण २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात जर्मनीतल्या एका ऑनलाइन दुकानाच्या अडीच लाखांहून जास्त खरेदी तपासल्या होत्या. फोन कोणत्या प्रकारचा, ईमेल कोणत्या कंपनीचा, खरेदी किती वाजता, अशा साध्या गोष्टींवरूनही पैसे बुडतील का याचा अंदाज क्रेडिट स्कोअरइतकाच चांगला बांधता आला. मित्रांचे नंबर त्यात लागले नाहीत. माझं स्पष्ट मत आहे की कॉन्टॅक्ट लिस्ट मागितली जाते ती मुख्यतः दबावासाठी.

रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२२ मध्येच कर्ज देणाऱ्या ॲपना फाइल्स, फोटो, कॉन्टॅक्ट लिस्ट आणि कॉल लॉग पाहायला मनाई केली. कॅमेरा, माइक आणि लोकेशन केवायसीसाठी एकदाच वापरता येतं, तेही स्पष्ट संमतीने. गुगल प्लेनेही ३१ मे २०२३ पासून कर्ज-ॲपना कॉन्टॅक्ट्स आणि फोटो बंद केले. पण व्हॉट्सॲपवर आलेल्या लिंकवरून थेट एपीके, म्हणजे ॲपची फाइल, उतरवली तर प्ले स्टोअरची चाळणी आडवी येतच नाही. रिझर्व्ह बँकेच्या कार्यगटाला २०२१ मध्ये सुमारे ११०० कर्ज-ॲप आढळली होती, त्यातली ६०० च्या आसपास बेकायदा होती.

तेव्हा ॲप उतरवण्याआधी त्यामागची बँक किंवा एनबीएफसी (बँक नसलेली वित्तीय कंपनी) कोणती ते शोधा. जुलै २०२५ पासून रिझर्व्ह बँकेच्या वेबसाइटवर अशा ॲपची यादी आहे. ती कंपन्यांनीच दिलेल्या माहितीवरून बनते, त्यामुळे त्या बँकेच्या स्वतःच्या साइटवरही ॲपचं नाव पडताळा. कॉन्टॅक्ट्स मागितले तर तिथूनच परत फिरा.

आणि उद्या वसुलीचा फोन तुम्हालाच, म्हणजे मामांना आला तर? जामीनदार म्हणून सही केली नसेल तर ते कर्ज तुमच्या अंगावर येत नाही. कर्जदाराच्या घरच्यांना आणि मित्रांना त्रास देण्यास रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२२ च्या परिपत्रकात मनाई केली आहे. नंबर आणि मेसेजचे स्क्रीनशॉट जपून ठेवा, १९३० वर फोन करा, सायबर पोलिसांकडे तक्रार द्या. भाच्यावर ओरडण्याआधी त्याला फोन करून तो कसा आहे ते विचारा.