अरेंजर कीबोर्ड की सिंथेसायझर? घेण्याआधी दुकानात काय वाजवून बघायचं

दुकानात दोन्ही शेजारीशेजारी स्टँडवर लावलेले असतात. एक यामाहाचा पीएसआर-एसएक्स ६००, दुसरा रोलँडचा एक्सपीएस-१०. दोन्हींना ६१ पट्ट्या, दोन्हींत शेकडो टोन (वाद्यांचे आवाज), दोन्हींत पेनड्राइव्ह लागतो, आणि विकणारा दोन्हींना 'प्रोफेशनल कीबोर्ड' म्हणतो. गिऱ्हाईक मग हमखास विचारतं, "टोन जास्त कशात आहेत?" या प्रश्नाने काहीच ठरत नाही. पहिला अरेंजर आहे, दुसरा सिंथेसायझर. दोघांची कामं वेगळी आहेत, आणि हे न कळल्यामुळे कित्येक जण चांगलं वाद्य घेऊन वर्षभरात विकायला काढतात. गोंधळ वाढवायला नावंही हातभार लावतात: यामाहा एसएक्स मालिकेला 'डिजिटल वर्कस्टेशन' म्हणते, तर कॉर्गच्या क्रॉससारख्या सिंथलाही (सिंथेसायझरलाही) 'वर्कस्टेशन'च म्हणतात.

अरेंजरचा जीव डाव्या हातात आहे. डावीकडे कॉर्ड (एकदम दाबलेले दोन-तीन स्वर) धरली की ठेका, बेस, गिटार, स्ट्रिंग्ज अशी सगळी साथ त्या कॉर्डप्रमाणे चालते. या साथीला स्टाइल म्हणतात. यामाहाच्या स्टाइलमध्ये आठ ट्रॅक असतात आणि ते बहुधा सी मेजर सेव्हन या कॉर्डवर वाजवून ठेवलेले असतात. तुम्ही ए मायनर दाबलीत की प्रत्येक ट्रॅक त्याला घालून दिलेल्या नियमाप्रमाणे सरकतो. बेस कॉर्डच्या मूळ स्वरावर जातो, गिटार आणि स्ट्रिंग्ज आहेत तिथून जवळात जवळचे स्वर पकडतात, ड्रम आहेत तसेच राहतात. त्यावर इंट्रो (सुरुवात), चार मेन (मुख्य ठेके), मधले फिल (छोटे भराव) आणि एंडिंग (शेवट) असे तुकडे असतात. मुखड्याला पहिला मेन, अंतऱ्याला तिसरा, मध्ये एक फिल, एवढं जमलं तरी एकट्या माणसाच्या हातून भरलेलं गाणं उभं राहतं. कॉर्ड सोडली तरी साथ शेवटच्या कॉर्डवर चालू राहते, म्हणून डावा हात फिलचं बटण दाबायला मोकळा मिळतो. चांगला वाजवणारा हे इतक्या सहज करतो की ऐकणाऱ्याला बटण दाबलेलं कळतही नाही.

सिंथमध्ये ही साथ नसते. एक्सपीएस-१० मध्ये ठेक्याचे पॅटर्न आहेत, एक्सपीएस-३० मध्ये आठ ट्रॅकचा पॅटर्न सिक्वेन्सर (भरून ठेवलेलं परत वाजवणारी सोय) आहे, पण तुम्ही भरलं असेल तेच तो फिरवत राहतो. तुमच्या कॉर्डमागे चालत नाही. सिंथची ताकद एकेका आवाजात आहे. दोन-तीन टोन एकावर एक चढवायचे, शहनाईची सुरुवात जरा मऊ करायची, फिल्टर फिरवून पॅड (मागे भरून राहणारा लांब आवाज) उघडायचा, बाहेरून आणलेला सँपल (ध्वनीचा तुकडा) पट्ट्यांवर पसरून वाजवायचा, हे सगळं स्टेजवर हाताशी असतं. एक्सपीएस-१० बॅटरीवरही चालतो. मात्र त्याला स्पीकर नाहीत. एसएक्स ६०० ला आहेत. घरी रियाजाला बसायचं तर हा फरक रोजचा आहे.

मग निवडायचं कशावरून? मी एकच प्रश्न विचारतो: तुमच्याकडे ठेका कोण धरतं?

ऑर्केस्ट्रात किंवा हळदीच्या कार्यक्रमात ढोलकी असते, ऑक्टोपॅड असतो, बेस गिटार असते. तिथे अरेंजरची स्टाइल चालू केली तर दोन ठेके एकमेकांच्या अंगावर येतात. ढोलकीवाला लय थोडी पुढे ओढतो, त्यातच लावणीची मजा असते. यंत्र मात्र आपल्या टेम्पोला चिकटून बसतं. तिथे सिंथच हवा: इंट्रोची बासरी, मधल्या म्युझिकला व्हायोलिन, लगेच ब्रास. उलट गोव्यातल्या हॉटेलात एकटा गाणारा-वाजवणारा असतो, किंवा सोसायटीच्या गणपतीत एक गायक आणि एक कीबोर्ड एवढाच सरंजाम असतो. तिथे अरेंजरला पर्याय नाही.

आपल्या गाण्यांना अरेंजर कितपत मानवतो, हे मात्र वाजवूनच बघावं लागतं. अभंग किंवा भक्तिगीत घ्या. चाल एका षड्जावर टेकलेली असते, तिला दर मात्रेला कॉर्ड बदललेली सोसत नाही. मेजर धरली की शुद्ध गंधार घुसतो, मायनर धरली की कोमल. अशा वेळी डाव्या हाताने फक्त सा आणि प धरा. यामाहाचं कॉर्ड ओळखणारं तंत्र या दोन स्वरांनाही कॉर्ड मानतं आणि साथीतून गंधार काढून टाकतं. मागे तानपुऱ्यासारखा भरणा उरतो आणि चाल मोकळी राहते. नुसता ठेका हवा असेल तर लागून असलेल्या तीन पट्ट्या, काळी धरून, एकदम दाबायच्या. बेस आणि बाकीची साथ थांबते, ताल चालू राहतो. दुकानात ही गोष्ट करून बघणारे थोडे असतात, पण भजनी मंडळासाठी घेणाऱ्याने पहिल्यांदा हेच बघावं. भजनी ठेक्याची स्टाइल आत आहे का, नसेल तर बाहेरून घालता येते का, हेही तिथेच विचारावं.

गाण्याच्या पट्टीचा, म्हणजे सा कुठे धरायचा याचा, प्रश्नही असाच. यामाहात स्प्लिट (कॉर्ड आणि चाल यांचे भाग वेगळे करणारी जागा) नेहमी एफ-शार्प २ वर लावून येतो. म्हणजे डावीकडच्या १९ पट्ट्या कॉर्डच्या, उजवीकडे चालीला ४२. गाणाऱ्या बाईंची काळी चार (सा जी-शार्पवर) असेल तर त्यांच्या मध्य सप्तकाचा सा स्प्लिटपासून दोनच पट्ट्यांवर येतो, आणि मंद्र पंचम थेट कॉर्डच्या भागात जातो. स्प्लिट खाली सरकवता येतो, उजवा हात एक सप्तक वर नेता येतो, ट्रान्सपोज (बटणाने पट्टी बदलणं) तर आहेच. पण ट्रान्सपोजवर फार विसंबू नये असं माझं मत आहे. हात एकाच पट्टीला बसतो आणि हार्मोनियमसमोर बसलं की अडतो. सिंथवर स्प्लिट बंद केला की ६१ च्या ६१ पट्ट्या चालीला मोकळ्या.

मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर सरकत जाणं) दोन्हींवर तपासा. बेंड, म्हणजे स्वर सरकवणारी लिव्हर, नेहमी दोन सेमीटोनांवर (लगतच्या दोन पट्ट्यांमधलं अंतर एक सेमीटोन) लावलेला असतो. सा वरून शुद्ध गंधार चार सेमीटोन दूर, म्हणजे लिव्हर पूर्ण फिरवली तरी तुम्ही ऋषभापर्यंतच पोचता. रेंज बदलायची जागा शोधा आणि किती बटणं दाबावी लागतात ते बघा. कार्यक्रमात चार स्क्रीन उलटायला वेळ नसतो. त्याला जोडूनच स्केल ट्यूनिंग, म्हणजे एकेक स्वर वेगळा लावणं. पियानोच्या हिशोबातला शुद्ध गंधार तानपुऱ्यातून ऐकू येणाऱ्या गंधारापेक्षा सुमारे १४ सेंट (सेंट म्हणजे सेमीटोनाचा शंभरावा भाग) चढा असतो. दोन्ही वाद्यांत प्रत्येक स्वर वेगळा उतरवता-चढवता येतो. फक्त अरेंजरवर ते करताना साथ चालू ठेवून ऐका. चाल उतरलेल्या गंधाराची आणि मागची गिटार चढ्या गंधाराची झाली तर कानाला लगेच टोचतं. अशा वेळी साथ सा-प वर आणा, नाहीतर ट्यूनिंग सगळ्या भागांना सारखं लावा.

किंमत थोडी वाढवायची तयारी असेल तर अरेंजरमध्येच पुढची जोडी समोर येते: कॉर्गचा पीए ७०० (२०१७) आणि यामाहाचा एसएक्स ७०० (२०१९). दोन्हींना सात इंची टचस्क्रीन आणि जॉयस्टिक आहे. यातला निवाडा मी कानावर सोडतो. एक व्यवहाराची गोष्ट तेवढी लक्षात ठेवा: यामाहाची स्टाइल कॉर्गमध्ये जशीच्या तशी चालत नाही. ज्यांच्याकडून स्टाइल घेणार, त्यांच्याकडे कोणतं वाद्य आहे हे विचारून घ्या.

मुलाला शिकवायला यातला कुठलाच घाईने घेऊ नका. एका बोटाने कॉर्ड धरायची सोय सुरुवातीला आनंद देते, पण डाव्या हाताची बोटं झोपूनच राहतात. बोटांच्या जोराला दाद देणाऱ्या पट्ट्यांचा साधा कीबोर्ड पहिली दोन वर्षं पुरतो.

दुकानात जाताना स्वतःचा हेडफोन न्या आणि डेमो लावू देऊ नका. डेमोत सगळीच वाद्यं गोड वाजतात. अरेंजरवर तुम्हाला पाठ असलेलं एक गाणं पूर्ण वाजवा, इंट्रोपासून एंडिंगपर्यंत. डावा हात कॉर्डवरून फिलच्या बटणावर आणि परत, ठेका न चुकता जातो का? कॉर्ड अर्धी मात्रा आधी बदलली तर बेस कसा वागतो? सिंथवर एक स्वर धरून ठेवा आणि तो वाजत असताना टोन बदला. आवाज कचकन तुटला तर मधल्या म्युझिकमध्ये तो तसाच तुटणार. मग स्ट्रिंग्जवर बासरी चढवा आणि दोघांचा आवाज वाजवता वाजवता वेगळा कमी-जास्त करता येतो का बघा. आणि सिंथच घ्यायचा ठरला, तर ॲम्प, जॅक केबल आणि सस्टेन पेडलचा (स्वर लांबवणाऱ्या पायपट्टीचा) खर्च त्याच बिलात धरा.