बीएनपी आणि एनटी-प्रोबीएनपी: 'प्रो' म्हणजे भारी नव्हे

मिरजेत लॅबच्या काउंटरवर बसून अठरा वर्षं झाली, तरी हृदयावरचा ताण दाखवणाऱ्या या दोन रक्ततपासण्यांचा घोळ आठवड्यातून एकदा समोर येतोच. परवा तासगावकडचे एक द्राक्ष बागायतदार आले. हार्ट फेल्युअर, म्हणजे हृदय कामाला कमी पडणं, त्यात ठोके अनियमित, म्हणजे एएफ (एट्रियल फिब्रिलेशन). मुलगा घामाघूम. जानेवारीतला आकडा ३८०, आताचा १,९००. "मॅडम, पाचपट झालंय हो!" काका मात्र निवांत, पायाची सूज उतरलेली, जिना चढून आलेले. दोन्ही कागद शेजारी ठेवले. एकावर बीएनपी, दुसऱ्यावर एनटी-प्रोबीएनपी. मधे लॅब बदललेली.

दोन्हीवर एकक तेच, पिकोग्रॅम प्रति मिलिलिटर. फसगत तिथंच होते. मी त्या पोराला म्हटलं, द्राक्षंही किलोवर जातात आणि बेदाणाही. म्हणून दोन्हीच्या विक्रीच्या पट्ट्या तू एकाखाली एक लावतोस का?

बीएनपी काय ते हार्ट फेल्युअरचा पेशंट असलेल्या घरांना सांगायला नको: हृदयाच्या भिंतीवर ताण आला की सुटणारं, लघवी वाढवणारं संप्रेरक. आता त्याचं भावंड. हृदय आधी १०८ अमिनो आम्लांचं अखंड प्रोबीएनपी बनवतं आणि ते भुईमुगाच्या शेंगेसारखं फुटतं. दाणा म्हणजे बीएनपी (३२), टरफल म्हणजे एनटी-प्रोबीएनपी (७६). काम करतो तो दाणा. नावातला 'प्रो' मोबाईलच्या प्रो मॉडेलमधला नव्हे. 'महागाची प्रो टेस्ट करा' असं कुणी म्हणालं की माझं डोकं उठतं.

शेंग फुटली की एकाला एक निघतं, पण दाणे खाल्ले जातात आणि टरफलं पडून राहतात. बीएनपी रक्तात साधारण २० मिनिटांत निम्मं होतं, टरफलाला तास-दोन तास लागतात. म्हणून कधीही मोजा, टरफलांचा ढीग मोठाच. दम लागून तातडीनं आलेल्या माणसात हार्ट फेल्युअर बहुधा नाही असं म्हणायला बीएनपी १०० च्या खाली हवं, एनटी-प्रो ३०० च्या खाली. 'अमक्यानं गुणा की दुसरा आकडा मिळतो' असे मेसेज फिरतात, ते पुसून टाका. टरफलं झाडायचं काम बरंचसं किडनीकडे असतं. क्रिएटिनिन, म्हणजे किडनी मंदावल्याची रक्तातली खूण, चढलेलं असेल तर गुणाकार कोसळलाच.

त्यात काकांना मधल्या काळात हार्ट फेल्युअरवरची सॅक्युबिट्रिल-व्हल्सार्टनची गोळी सुरू झालेली. नेप्रिलायसिन नावाचं विकर दाणे खाणाऱ्यांपैकी एक. सॅक्युबिट्रिल त्याचाच हात धरतं. दाणे शिल्लक राहतात आणि हृदय सुधारत असतानाही बीएनपी वर जाऊ शकतं. टरफलाला नेप्रिलायसिन शिवत नाही. त्यामुळे ही गोळी चालू असेल तर एनटी-प्रोच करावी, यावर मी वाद घालत नाही.

नळीचा फरक किरकोळ. बीएनपीला जांभळ्या टोपणाची, आणि नमुना लवकर लावावा लागतो, एनटी-प्रो टिकतं. जत-आटपाडीहून नमुना येणार असेल तर तेही एक कारण.

एएफ मात्र दोघांनाही फुगवतो. हृदयाचे वरचे कप्पे नुसते थरथरत राहिले की ताणानं तेही हा माल सोडतात, मग हार्ट फेल्युअर नसतानाही आकडा चढतो. पंपिंग चांगलं असूनही होणाऱ्या हार्ट फेल्युअरच्या निदानासाठी युरोपातल्या हृदयतज्ज्ञांनी २०१९ साली जी गुणपद्धत दिली, तिच्यात एनटी-प्रोची वरची रेघ नियमित ठोक्यांना २२० आणि एएफला ६६० आहे. बीएनपीची ८० आणि २४०. सरळ तिप्पट! एनटी-प्रोच्या रिपोर्टवर छापलेली १२५ ची मर्यादा ईसीजी बघत नाही. त्या दिवशी ठोके कसे होते हे कागदावर कुणीच लिहीत नाही, याचा मला खरा राग आहे.

काकांच्या रिपोर्टवर मी पेनानं लिहिलं: एनटी-प्रो, एएफ चालू, गोळी चालू. शेजारी क्रिएटिनिन. पुढच्या वेळी हीच टेस्ट, हीच लॅब.

"मग वाढलंय का कमी झालंय?" मुलगा अजून तिथंच.

"ते पुढच्या आकड्यावर कळेल. याच्याशी जुळणारा जुना आकडा तुमच्या फायलीत नाहीच. उरलेलं डॉक्टर काकांना तपासून सांगतील."